धुराची शिरगणती

२३ सप्टेंबर १९९७ रोजी मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या कुचिंग शहरात हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक ८३९ वर पोचला. मलेशियाच्या पट्टीवर ३०० च्या वरची हवा घातक समजली जाते आणि ५०० ओलांडले की आणीबाणी. सारावाकमध्ये ती चार दिवस आधीच, १९ तारखेला जाहीर झाली होती. शाळा बंद, कचेऱ्या बंद, विमानं बंद. भर दुपारी दिवे लावूनही समोरची गाडी दिसेना. लोकांना एकच सांगणं होतं : घरात बसा, दारं-खिडक्या लावून घ्या. पण विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात घरं बांधतात ती वारा आरपार जावा म्हणून. फळ्यांच्या भिंतींना फटी, छपराखाली मोकळी जागा. दार लावलं की धूर बाहेर राहील, अशी सोय वातानुकूलित घरांत होती, आणि तशी घरं थोड्यांचीच होती.

धूर आला होता तो मुख्यतः सीमेपलीकडून. बोर्निओ बेटाचा मोठा भाग इंडोनेशियाकडे आहे, त्याला कालिमंतान म्हणतात. तिथं आणि पश्चिमेला सुमात्रात जंगल, झुडपं आणि दलदलीची जमीन जुलै-ऑगस्टपासून पेटलेली होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात तो धूर सिंगापूर, मलेशिया, ब्रुनेई, दक्षिण थायलंड आणि फिलिपाइन्सपर्यंत पसरला. मलेशियात त्याला ‘जेरेबू’ म्हणतात. तिथल्या एका पिढीला १९९७ हे साल अजून जेरेबूचं साल म्हणूनच आठवतं.

आगीत होरपळून गेलेली माणसं मोजता येतात. धुरानं गेलेली मोजायची कशी? मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया असतो, हृदयविकार असतो, दमा असतो, ‘अपुऱ्या दिवसांचं बाळ’ असतं. धूर नसतो. त्यामुळे १९९७ च्या आगीचा इतिहास दोनदा लिहिला गेला : एकदा सरकारी अहवालांत, आग विझल्यावर लगेच, आणि दुसऱ्यांदा बारा वर्षांनी, जनगणनेच्या रकान्यांतून. या दोन इतिहासांतलं अंतर एवढं आहे, की ते एकाच आगीबद्दल बोलताहेत यावर चटकन विश्वास बसत नाही.

आगीचं मूळ शोधायला गेलं तर वाट भाताच्या खाचरात जाते. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीला आपल्या भाताचा मोठा अभिमान. १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं सुहार्तोंचा गौरव केला. पण जावा बेटावरची सुपीक खाचरं कारखान्यांखाली आणि वसाहतींखाली जात राहिली, लोकसंख्या वाढत राहिली आणि नव्वदच्या दशकात तांदूळ पुन्हा बाहेरून आणावा लागू लागला. १९९५ च्या अखेरीस सुहार्तोंनी फर्मान काढलं : मध्य कालिमंतानमधल्या दलदलीच्या जंगलातून दहा लाख हेक्टर जमीन काढायची, तिथं भात पिकवायचा आणि जावातून शेतकरी नेऊन वसवायचे. या कामाला पैसा काढला गेला तो वनीकरणाच्या निधीतून, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या जागी झाडं लावण्यासाठी लाकूड कंपन्यांकडून वसूल केलेल्या रकमेतून. कागदावर यात कुणाला विसंगती दिसली नसावी.

ही दलदल म्हणजे पीट. हजारो वर्षं झाडांची पानं, फांद्या, खोडं पाण्यात पडत राहिली. पाण्यात हवा नाही म्हणून पुरती कुजली नाहीत. थरावर थर साचून तपकिरी, लगदट, स्पंजासारखी जमीन झाली. काही ठिकाणी तिची जाडी दहा मीटरच्या वर आहे. ती पाण्यानं भरलेली असते तोवर जळत नाही. १९९६ च्या सुरुवातीपासून यंत्रांनी तिच्यात कालवे खणायला घेतले आणि दोन-अडीच वर्षांत चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचं जाळं तयार झालं. कालवे पाणी पुरवण्यासाठी, असं नकाशावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात पीट आजूबाजूच्या नद्यांपेक्षा उंच, मध्यभागी फुगीर असतं, त्यामुळे कालव्यांतून पाणी आत यायच्या ऐवजी बाहेर पडलं. जमीन वरून सुकली. ती इतकी आम्लधर्मी होती की भात धड उगवला नाही. भाताऐवजी हाती आलं ते लक्षावधी हेक्टर सुकं जळण, आणि त्यात आतपर्यंत जायला तयार रस्ते.

पीटला आग लागली की ती भडकत नाही. शेणाची गोवरी धुमसावी तशी आतल्या आत सरकत जाते. वरून पाणी मारलं तर वरचा थर विझतो आणि खालचा पुढं निघून जातो. ऑक्सिजन कमी, उष्णता कमी, त्यामुळे ज्वलन अर्धवट राहतं आणि जळणाच्या मानानं धूर भरमसाट निघतो : अतिसूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलिन आणि कर्करोगाशी नातं असलेली अनेक सेंद्रिय संयुगं. पेटलेल्या गवताळ रानाचा धूर दोन दिवसांत विरतो. पीटचा धूर पाऊस येईपर्यंत, म्हणजे महिनेच्या महिने निघत राहतो.

भाताचा प्रकल्प हा आगीचा एक भाग होता. दुसरा भाग पामतेलाच्या आणि कागदाच्या लगद्यासाठी लावायच्या अकेशियाच्या मळ्यांचा. जंगल तोडून लाकूड नेल्यावर उरलेला पालापाचोळा साफ करायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे काडी लावणं. १९९५ मध्येच त्यावर बंदी आली होती. ती कागदावर राहिली. कालिमंतानमधले दायाक लोकही फिरत्या शेतीसाठी रान जाळतात, पण पिढ्यान्‌पिढ्या ठराविक आकाराचं, वारा बघून, आगपट्टा राखून. आग लागली की पहिलं बोट त्यांच्याकडं दाखवायचं हा जकार्ताचा जुना शिरस्ता. (आपल्याकडेही १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली आणि रेशनच्या दुकानापासून फरसाणाच्या कढईपर्यंत ते पोचलं. पुढं भारत हा पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार झाला. त्या मळ्यांची गोष्ट परक्यांची म्हणून ऐकताना एवढं लक्षात असलेलं बरं.)

मग आलं हवामान. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी होता. प्रशांत महासागराच्या मध्यभागी नि पूर्वेला पाणी तापलं की पाऊस तिकडं सरकतो आणि इंडोनेशिया कोरडा पडतो. त्या वर्षी त्यात हिंदी महासागराचीही भर पडली. सुमात्राच्या किनाऱ्याजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड झालं, आफ्रिकेकडचं तापलं. पूर्व आफ्रिकेत महापूर आले आणि सुमात्रा-कालिमंतानवर उरलासुरला पाऊसही पडला नाही. समुद्राच्या या हेलकाव्याला नाव मिळालं ते दोन वर्षांनी, १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधातून. त्याच्या चार लेखकांत साजी, गोस्वामी आणि विनयचंद्रन हे तीन भारतीय होते. त्यांतले भूपेंद्रनाथ गोस्वामी पुढं पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे संचालक झाले. आपल्याकडे त्या वर्षी एल निनोच्या बातम्यांनी सगळे धास्तावले होते, पण मोसमी पाऊस देशभरात सरासरीच्या १०२ टक्के झाला. तसं का झालं याचं एक स्पष्टीकरण म्हणजे हिंदी महासागराचा हाच हेलकावा. भारताचा पाऊस ज्यानं सावरला, त्यानंच कालिमंतानची दलदल वाळवली. कुणाचंही त्यात श्रेय नाही नि दोषही नाही, पण मोसमी पावसाच्या हिशेबात ही बाजू आपल्याकडे क्वचितच मांडली जाते.

आग कुणी लावली याचा पुरावा या वेळी आकाशातून आला, आणि तो वापरला इंडोनेशियाच्याच एका मंत्र्यानं. पर्यावरणमंत्री सारवोनो कुसुमाआत्माजा यांनी अमेरिकी उपग्रहांनी टिपलेले आगीचे ठिपके मळ्यांच्या आणि लाकूड-परवान्यांच्या नकाशांवर ठेवून पाहिले. सप्टेंबरच्या मध्यावर सरकारनं १७६ कंपन्यांची नावं जाहीर केली. त्यांत बहुसंख्य मळेवाले होते. काही नव्या वसाहतींची कामं करणारेही होते. सुहार्तोंच्या राजवटीत ही अनोखी गोष्ट होती, कारण लाकडाचा आणि पामचा धंदा राष्ट्राध्यक्षांच्या आप्तेष्टांच्या नि मित्रांच्या हातात होता. १६ सप्टेंबरला जकार्तात आग्नेय आशियाई देशांच्या पर्यावरणमंत्र्यांच्या बैठकीत खुद्द सुहार्तोंनी शेजाऱ्यांची माफी मागितली. माफी मागून आग विझत नसते. मलेशियानं हजाराहून अधिक अग्निशामक जवान सुमात्रा-कालिमंतानला पाठवले, पण धुमसत्या पीटपुढं त्यांचंही काही चालेना. यादीतल्या बहुतेक कंपन्यांच्या केसालाही धक्का लागला नाही.

२६ सप्टेंबरला धुराचे बळी पहिल्यांदा जगभरच्या पहिल्या पानांवर आले. गरुडा इंडोनेशियाचं एअरबस विमान सुमात्रातल्या मेदान विमानतळाकडं उतरत असताना डोंगरावर आदळलं आणि आतले सर्व, २३४ जण, ठार झाले. नियंत्रण कक्ष आणि वैमानिक यांच्यात डाव्या-उजव्या वळणावरून झालेला गोंधळ हे त्याचं मुख्य कारण. पण दाट धुरात वैमानिकाला समोरचा डोंगर दिसण्याची शक्यताच उरली नव्हती. त्याच सुमारास मलाक्काच्या सामुद्रधुनीत, पोर्ट डिक्सनजवळ, ‘आयसीएल विक्रमन’ हे भारतीय मालवाहू जहाज एका महाकाय तेलवाहू जहाजाला धडकून बुडालं. २९ खलाशी गेले. या दोन अपघातांतले मृत मोजले गेले, कारण अपघाताला तारीख असते, चौकशी असते, प्रवाशांची आणि खलाशांची यादी असते.

त्याच दिवशी, त्याच धुरात श्वास घेणाऱ्या कोट्यवधी माणसांची यादी कुणाकडं नव्हती.

धूर शरीरात काय करतो, हे तेव्हा सर्वांत नीट नोंदवलं गेलं ते सिंगापुरात. त्याचं कारण सरळ आहे : तिथं दवाखाने होते, संगणकावरच्या नोंदी होत्या, हवा मोजणारी केंद्रं होती. खरं तर सिंगापूरला धुराची झळ त्या मानानं कमीच लागली. तिथला निर्देशांक त्या मोसमात २२६ च्या वर गेला नाही. तिथल्या धुरातले ९४ टक्के कण अडीच मायक्रॉनहून बारीक होते. माणसाच्या केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन धरली तर अशा पंचवीस-तीस कणांची रांग एका केसाच्या रुंदीत मावेल. नाकातले केस, घशातला चिकट पडदा धुळीला अडवतात. हे कण त्या चाळणीतून सुटतात आणि फुप्फुसांच्या टोकाशी, जिथं रक्त आणि हवा यांच्यात जेमतेम एका अतिपातळ पडद्याचं अंतर असतं, तिथवर जातात. हवेतले कण घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमवरून १५० वर गेले, की दवाखान्यात येणाऱ्या दमेकऱ्यांत १९ टक्के, नाक वाहण्याच्या तक्रारीत २६ टक्के आणि घसा-श्वासाच्या वरच्या भागातल्या आजारांत १२ टक्के वाढ होते, असं तिथल्या नोंदींत दिसलं. रुग्णालयात भरती होणाऱ्यांत किंवा मृत्यूंत मात्र लक्षणीय वाढ आढळली नाही. श्रीमंत, सुसज्ज, वातानुकूलित शहरात धूर आला तर काय होतं, याचं हे चित्र.

सिंगापुरातल्याच डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट तपासली, आणि मला ती या सगळ्यात सर्वांत अर्थपूर्ण वाटते. लष्करी सेवेतल्या तीस धडधाकट तरुणांचं रक्त त्यांनी धुराच्या काळात आणि धूर सरल्यावर तपासलं. धुराच्या दिवसांत रक्तातल्या अपरिपक्व पांढऱ्या पेशींचं प्रमाण वाढलेलं दिसलं. अस्थिमज्जेनं पेशी पुऱ्या तयार होण्याआधीच बाहेर सोडल्या होत्या, अंगात जंतुसंसर्ग शिरला की सोडते तशा. या तरुणांना खोकला नव्हता, ते आजारी नव्हते. पण धूर फुप्फुसांशी थांबत नाही, सगळ्या शरीराला युद्धाच्या तयारीत ठेवतो, हे त्यांच्या रक्तात लिहिलेलं होतं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, वेळेआधी होणारं बाळंतपण यांच्याशी धुराचा संबंध कसा पोचतो, याची एक किल्ली इथं सापडते.

कुचिंगच्या रुग्णालयांच्या नोंदी पुढं तपासल्या गेल्या, तेव्हा धुराच्या काळात श्वसनाच्या आजारांनी, विशेषतः दमा आणि फुप्फुसांच्या जुनाट विकारांनी भरती होणारे वाढलेले दिसले. आधी कधी हृदयाच्या किंवा फुप्फुसांच्या आजारासाठी रुग्णालयात राहून गेलेले ६५ च्या पुढचे लोक पुन्हा दाखल होण्याची शक्यता जास्त होती. क्वालालंपूरच्या मृत्यूंच्या नोंदींत धुराच्या दिवसांमागोमाग वृद्धांचे मृत्यू वाढलेले आढळले. आणि आगीच्या अगदी जवळ, सुमात्रातल्या जांबी प्रांतात जपानी संशोधकांनी ५४३ जणांना विचारलं, तेव्हा दहातल्या नऊहून अधिक जणांना श्वसनाचा काही ना काही त्रास होत होता. दवाखान्याच्या वहीत यांतल्या किती जणांचं नाव चढलं असेल? प्राथमिक केंद्र दूर, नदीतून जायचं, त्यात समोरचं दिसत नाही. घरोघर जाऊन विचारल्याशिवाय हे कळणारच नव्हतं.

लोकांना मास्क वाटले गेले. बहुतेक साध्या कापडाचे किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर लावतात तसे. ते समोरच्याच्या अंगावर थुंकी उडू नये म्हणून असतात. अडीच मायक्रॉनच्या कणांना त्यांचा फारसा अडसर नाही. पण तोंडावर काहीतरी आहे, सरकारनं काहीतरी दिलं आहे, एवढा दिलासा त्यानं मिळाला असेल. धुराच्या काळात काय करावं याची जागतिक आरोग्य संघटनेची तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वं निघाली ती १९९९ मध्ये.

नोव्हेंबरच्या मध्यावर पाऊस आला आणि पहिली फेरी संपली. १९९८ च्या सुरुवातीला पूर्व कालिमंतानमध्ये दुसरी पेटली आणि एप्रिल-मेपर्यंत चालली. तोवर इंडोनेशियात रुपिया हे चलन कोसळलं होतं, दंगली उसळल्या होत्या. २१ मे १९९८ ला सुहार्तो पायउतार झाले. भाताचा महाप्रकल्प त्यांच्यामागोमाग गुंडाळला गेला. एकूण जळालेल्या क्षेत्राचा सरकारी नियोजन संस्थेचा अंदाज ९७ लाख हेक्टरांच्या वर गेला. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. धुराच्या राखेतल्या लोहानं सुमात्राच्या पश्चिमेला मेंतावाई बेटांजवळ समुद्रात शैवाल माजलं आणि तिथली प्रवाळं मेली. जळालेल्या पीटमधून हवेत गेलेला कार्बन त्या काळात जगभरच्या खनिज इंधनांतून वर्षाला निघणाऱ्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के होता, असं २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. प्रवाळं मोजली गेली, कार्बन मोजला गेला.

माणसांचा पहिला हिशेब इंडोनेशियानं तत्परतेनं दिला. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९९७ या काळात सुमात्रा-कालिमंतानच्या आठ प्रांतांत सुमारे सव्वा कोटी लोक धुरात सापडले. तीव्र श्वसनसंसर्गाचे १४,४६,१२० रुग्ण, दम्याचे २,९८,१२५, श्वासनलिकादाहाचे ५८,०९५. आणि मृत्यू ५२७. एककापर्यंत दिलेले हे आकडे बघून वाटतं, कुणीतरी एकेक मोजलं असेल. ते अंदाजच होते, पण त्यांच्या नेमकेपणामुळे पुढची अनेक वर्षं अहवालांतून ५२७ हाच आकडा फिरत राहिला. इतक्या प्रचंड आगीत ५२७, म्हणजे थोडक्यात निभावलं, असाच त्याचा अर्थ लावला जाऊ शकत होता.

शेजारी मलेशियात मोजण्यापेक्षा न बोलण्यावर भर होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना परवानगीशिवाय धुराबद्दल जाहीर विधानं करायला बंदी घातली. परदेशी पर्यटक बिचकतील, ही चिंता. पुढं काही वर्षं प्रदूषणाचा निर्देशांकही जनतेपासून लपवून ठेवला गेला. ऑगस्ट २००५ मध्ये धुरानं पुन्हा क्वालालंपूर झाकोळलं, तेव्हा कुठं आकडे परत लोकांसमोर आले.

दुसरा हिशेब आला २००९ मध्ये, आणि तो मांडणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्यापुढं अडचण उघड होती : इंडोनेशियात जन्ममृत्यूची नोंद इतकी विस्कळीत, की १९९७ मध्ये किती बाळं दगावली हे दाखल्यांवरून काढणं अशक्य. त्यांनी मेलेली मुलं शोधायचं सोडून जिवंत असलेली मोजली. २००० सालच्या जनगणनेत प्रत्येक मुलाचा जन्ममहिना आणि तालुका होता. दुसऱ्या बाजूला नासाच्या उपग्रहावरचं एक उपकरण होतं, ओझोन मोजण्यासाठी पाठवलेलं, पण हवेतले धुराचे कणही रोजच्या रोज टिपणारं. कोणत्या तालुक्यावर कोणत्या महिन्यात किती धूर होता, हे त्यातून कळत होतं. मग प्रश्न एवढाच उरला : ज्या महिन्यांत ज्या तालुक्यांवर धूर होता, तिथं त्या वेळी जन्मलेली मुलं २००० मध्ये अपेक्षेपेक्षा कमी भरतात का?

भरत होती. सगळ्या इंडोनेशियाचा मिळून हिशेब आला १५,६०० : गर्भातच गेलेली, जन्मल्या जन्मल्या गेलेली, पहिल्या दोन-तीन वर्षांत गेलेली मुलं. त्या काळातल्या जन्मांच्या १.२ टक्के. आर्थिक संकटही त्याच सुमाराचं होतं, मग मुलं भुकेनं गेली नाहीत कशावरून, ही शंका रास्त आहे. पण संकट सगळ्या देशावर होतं आणि धूर वारा नेईल तिथंच. शेजारशेजारच्या प्रदेशांत, एकाच महिन्यात, धुराखालची मुलं कमी होती आणि धुराबाहेरची नव्हती. सर्वांत जास्त परिणाम दिसला तो जन्माआधीच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईनं धूर घेतला तिथं. आणि गरीब तालुक्यांत तो श्रीमंत तालुक्यांपेक्षा कितीतरी जास्त होता. तिथं आधीच चुलीचा धूर, आधीच अपुरं अन्न, दूरचं रुग्णालय आणि फटींच्या भिंती.

ही पद्धत वाचताना एक गोष्ट सतत टोचत राहते. ही मुलं कधी कुठल्याच वहीत आली नाहीत. त्यांच्या असण्याची नोंद नाही, जाण्याचीही नाही. जनगणनेच्या रकान्यात शेजारच्या महिन्यापेक्षा कमी पडलेला आकडा हाच त्यांचा पुरावा. ५२७ चा आकडा खोटा होता असं मला म्हणायचं नाही. पद्धतच वेगळी होती. दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचा हिशेब दवाखान्यावरून निघतो, न पोचलेल्यांचा निघत नाही. फक्त, दोन्ही आकडे माहीत झाल्यावर पहिल्याकडे पाहून निर्धास्त राहता येत नाही.

जी मुलं जगली त्यांचाही माग घेतला गेला. इंडोनेशियात काही हजार कुटुंबांची वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा पाहणी केली जाते. तिच्यातून १९९७ मध्येच असं दिसलं होतं, की धुराच्या प्रदेशातल्या वृद्धांना आणि कर्त्या वयाच्या बायकांना जड ओझं उचलणं अवघड जाऊ लागलं होतं. पाण्याची हंडी, तांदळाचं पोतं उचलताना दम लागणं हा आजार म्हणून कुणी डॉक्टरला दाखवत नाही. पुढं त्याच पाहणीवरून २०१९ साली आणखी एक निष्कर्ष निघाला : धुराच्या काळात आईच्या पोटात असलेली मुलं सतराव्या वर्षी, धुराबाहेर वाढलेल्या मुलांपेक्षा सरासरी तीन सेंटिमीटरहून जास्त बुटकी होती. सतरा वर्षांपूर्वीच्या एका मोसमाची हवा मोजपट्टीवर दिसत होती.

आग्नेय आशियाई देशांनी जून २००२ मध्ये क्वालालंपूरमध्ये सीमापार धुराबद्दलचा करार केला. ज्या देशातून धूर निघत होता त्यानं त्याला मान्यता दिली २०१४ मध्ये. दुसऱ्याच वर्षी एल निनो परत आला, हिंदी महासागरही पुन्हा तसाच कलंडला, आणि १९९६ मध्ये खणलेल्या त्याच कालव्यांच्या काठानं मध्य कालिमंतान पेटलं. पालांकाराया शहरावर कित्येक दिवस पिवळा अंधार होता. २६ लाख हेक्टर जळाले, पाच लाखांवर लोकांना श्वसनसंसर्ग झाला, आणि मृतांचा सरकारी आकडा विशीच्या आतबाहेर राहिला. २०१६ मध्ये हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी हवेच्या प्रतिमानांवरून अकाली मृत्यूंचा अंदाज काढला : १,००,३००, त्यांतले ९१,६०० इंडोनेशियातले, ६,५०० मलेशियातले, २,२०० सिंगापुरातले. दुसऱ्या एका गटाचा अंदाज १२ हजारांच्या आत होता. हार्वर्डच्या अंदाजाची स्वतःचीच कमाल-किमान मर्यादा २६ हजारांपासून पावणेदोन लाखांपर्यंत पसरलेली होती, आणि तिन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी तो झटकून टाकायला तेवढं निमित्त पुरलं. हा आकडा फक्त प्रौढांचा होता. १९९७ च्या आगीत मुलं मोजली गेली आणि मोठी माणसं राहिली. २०१५ च्या आगीत मोठी माणसं मोजली गेली आणि मुलं राहिली.

पालांकारायामधल्या काही नागरिकांनी यानंतर राष्ट्राध्यक्षांपासून राज्यपालांपर्यंत सगळ्यांवर दावा लावला. त्यांच्या मागण्यांत पैशांची भरपाई नव्हती. धुरानं होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांसाठी मध्य कालिमंतानमध्ये मोफत उपचारांचं रुग्णालय, धुरापासून बचावाच्या बंदिस्त खोल्या, आग लागली तर लोकांना हलवण्याचा आराखडा अशा गोष्टी होत्या. २०१७ मध्ये ते जिल्हा न्यायालयात जिंकले, मग वरच्या न्यायालयात, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही. सरकारनं फेरविचाराचा अर्ज केला आणि २०२२ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य करून आधीचा निकाल फिरवला.